प्रेक्षकांची शिरगणती

आमच्या घरात खेळाडू एकच झाली. ती म्हणजे माझी थोरली बहीण अक्का. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि खेळाच्या बाबतीत नेहमी कुंपणाबाहेरच उभा राहिलो. असा माणूस दिवाळीच्या फराळाच्या वेळी कॉलेजातल्या बास्केटबॉलच्या प्रेक्षकांचे आकडे घेऊन वाचकांपुढे बसतो, हे जरा चमत्कारिक वाटेल खरे. पण त्याला निमित्तच तसे घडले.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेत आयोवा सिटी या गावी भाचीकडे, म्हणजे अक्काच्याच मुलीकडे, राहायला गेलो होतो. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आयोवा राज्यातले हे विद्यापीठाचे गाव. त्याचे नाव मराठी वाचकांना अगदीच परके नाही. दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तेथील आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमाच्या निमित्ताने राहिले होते. १५ ऑक्टोबर, रविवारचा दिवस. भाची म्हणाली, "मामा, स्वेटर चढव, कानटोपी घे. आज मुलींचा सामना बघायला जायचंय."

मला वाटले, एखाद्या शाळेच्या पटांगणात दोन बाके टाकलेली असतील. पाहतो तो काय, फुटबॉलचे अवाढव्य उघडे स्टेडियम! मध्यभागी बास्केटबॉलचे मैदान मांडलेले, आणि सभोवार पिवळ्या-काळ्या कपड्यांतली माणसेच माणसे. आयोवा विद्यापीठाच्या मुली विरुद्ध डीपॉल विद्यापीठाच्या मुली, असा तो सराव-सामना होता. आयोवाने तो ९४ विरुद्ध ७२ गुणांनी जिंकला. त्यांतले ३४ गुण एकट्या केटलिन क्लार्कचे. पलीकडेच लहान मुलांचे इस्पितळ आहे. उत्पन्न त्याला द्यायचे होते. प्रेक्षकांचा आकडा जाहीर झाला : ५५,६४६. बायकांच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी पूर्वी कधीच झाली नव्हती. त्याआधीचा उच्चांक २००२ सालच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचा, २९,६१९ माणसांचा होता.

रात्री जेवताना भाचीच्या मुलाने हिशेब मांडला. "आजोबा, गेल्या मोसमात इथे दर सामन्याला सरासरी अकरा हजारांच्या आसपास माणसं यायची. आज पंचावन्न हजार! म्हणजे एका वर्षात पाचपट!"

मी म्हटले, "थांब. आकडा दिसला की त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत. तुला कोणी मोजलं, आणि काय मोजलं?"

गुणाकार बरोबर होता, तुलना बरोबर नव्हती. हा सराव-सामना, मोसमाच्या अधिकृत सरासरीत त्याला जागा नाही. शिवाय आयोवाच्या मुली एरवी जेथे खेळतात त्या क्रीडागृहात माणसे मावतात पंधरा हजार. त्या मोसमाची सगळी तिकिटे तर ऑगस्टातच संपली होती. भांडे काठोकाठ भरले, की पुढच्या वर्षी पाऊस दुप्पट पडला तरी भांड्यातले पाणी वाढत नाही. त्यातून प्रसिद्ध होणारा आकडा पुष्कळदा दारातून आत आलेल्यांचा नसतो, विकल्या गेलेल्या तिकिटांचा असतो. बाहेर गुडघाभर बर्फ पडले आणि निम्मे लोक घरी बसले, तरी कागदावर क्रीडागृह भरलेलेच. एखाद्या वर्षी बलाढ्य संघ पाहुणे म्हणून आले की सरासरी चढते, पुढल्या वर्षी ते आले नाहीत की उतरते. आणि कोणी २०२०-२१ च्या मोसमाशी तुलना करू लागला, तर त्याला हात जोडावेत. महामारीमुळे त्या वर्षी कितीतरी सामने रिकाम्या खुर्च्यांपुढेच झाले.

म्हणून एका मोसमाची शेजारच्या मोसमाशी तुलना करून फारसे काही हाती लागत नाही. जरा मागे, अगदी आरंभापर्यंत, जावे लागते.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ चा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. थंडीच्या दिवसांत घरात कोंडून कंटाळलेल्या अठरा तरुणांना कशात तरी गुंतवायचे म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकायला सांगितले. जवळच नॉर्थॅम्प्टन येथे मुलींचे स्मिथ कॉलेज होते. तेथील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ लगेच उचलला, आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लावला. व्यायामशाळा मुलींनी गच्च भरली; पुरुषांना मात्र दरवाजा बंद! मुलींनी आखूड कपडे घालून धावावे आणि ते परपुरुषांनी पाहावे, हे त्या काळच्या अमेरिकेलाही सोसणारे नव्हते. एप्रिल १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली एकमेकींशी खेळल्या. दोन कॉलेजांमधला मुलींचा हा पहिला सामना. स्टॅनफर्डने तो २ विरुद्ध १ असा जिंकला. तेथेही प्रेक्षक सगळ्या बायकाच. म्हणतात, मध्येच टोपली दुरुस्त करायला दोन गडी आत आले, तेव्हा खेळणाऱ्या मुली किंचाळून कोपऱ्यात लपल्या.

तेव्हा या खेळाच्या प्रेक्षकांचा इतिहास लिहायचा तर पहिली नोंद 'गर्दी कमी' अशी करता येत नाही. 'प्रवेश बंद' अशीच ती करावी लागते.

पुढे कॉलेजातल्या शहाण्या लोकांनी मुलींच्या चुरशीच्या सामन्यांवर नाके मुरडली. स्पर्धा स्त्रीस्वभावाला आणि प्रकृतीला मानवत नाही, असे त्यांचे मत पडले. आयोवातल्या खेड्यांनी मात्र हे मत मानले नाही. तेथील शाळांतून मुलींचा एक निराळाच बास्केटबॉल रुजला. संघात सहा जणी. तिघी केवळ गुण करणाऱ्या, तिघी केवळ अडवणाऱ्या. कोणीही मधली रेघ ओलांडायची नाही, आणि चेंडू जमिनीवर दोनदाच आपटायचा. १९२० पासून त्यांची राज्यस्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे गावजत्रेच्या कुस्त्यांना जशी पंचक्रोशी लोटते तसे शेतकरी बायकापोरांसह या सामन्यांना लोटत. १९६८ साली डे मॉइन शहरातील अंतिम सामन्याला पंधरा हजारांवर माणूस जमला होता. युनियन-व्हिटन शाळेने तो जादा वेळेत ११३ विरुद्ध १०७ असा जिंकला. विजयी संघाच्या डेनिस लाँगने ६४ गुण केले, आणि हरलेल्या एव्हर्ली शाळेच्या जनेट ओल्सनने ७६!

पण या मुली शाळा संपवून कॉलेजात गेल्या की खेळ संपला. तेथे ना शिष्यवृत्ती, ना प्रवासखर्च, ना प्रेक्षक. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. कायद्याने दार उघडते, माणसे मात्र एकेक करूनच आत येतात. १९७४ साली टेनेसी विद्यापीठात पॅट समिट या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणीने मुलींना शिकवायला सुरुवात केली. तिच्या पहिल्या सामन्याला ५३ प्रेक्षक होते, असे सांगतात. त्याच विद्यापीठात १९८७ च्या डिसेंबरात टेक्सासविरुद्धच्या सामन्याला २४,५६३ माणसे आली. मध्ये गेली तेरा वर्षे.

आयोवातही तेच घडत होते. १९८२ साली कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने बायकांची पहिली स्पर्धा भरवली. तिच्या अंतिम सामन्याला ९,५३१ प्रेक्षक होते. त्यात हरलेल्या चेनी स्टेट या लहानशा कृष्णवर्णीय कॉलेजच्या प्रशिक्षिका होत्या व्हिव्हियन स्ट्रिंगर. पुढच्याच वर्षी त्या आयोवा विद्यापीठात आल्या, आणि १९८५ च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला क्रीडागृहात २२,१५७ माणसे दाटीवाटीने शिरली. जागा होती पंधरा-साडेपंधरा हजारांची! आयोवाच्या मुली त्या दिवशी हरल्या. पण ती गर्दी गावाच्या आठवणीत राहिली.

हे सारे मी नातवाला सांगितले, तेव्हा त्याला पंचावन्न हजारांचे नवल थोडे कमी वाटू लागले, आणि थोडे अधिकही. तो म्हणाला, "म्हणजे हे लोक एका वर्षात आले नाहीत!" नाहीच. आयोवाच्या त्या वेळच्या मुख्य प्रशिक्षिका लिसा ब्लूडर स्वतः शाळेत सहा जणींचा खेळ खेळलेल्या. त्यांच्या मदतनीस जॅन जेन्सन याही तोच खेळ खेळल्या. एवढेच नव्हे, त्यांची आजी शंभर वर्षांपूर्वी याच राज्याच्या स्पर्धेत उतरली होती. माझ्या पुढच्या रांगेत ज्या पांढऱ्या केसांच्या बाया घोंगड्या पांघरून बसल्या होत्या, त्यांतल्या कितीजणी ती मधली रेघ सांभाळून खेळल्या असतील!

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. दूरदर्शनवर बायकांचा अंतिम सामना पाहणारे लोक २०२२ मध्ये सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख होते. २०२३ मध्ये ते ९९ लाख झाले, आणि २०२४ मध्ये १ कोटी ८९ लाख. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख प्रेक्षक होते. बायकांनी पुरुषांना मागे टाकल्याचे हे पहिलेच वर्ष. मग केटलिन क्लार्क कॉलेज संपवून व्यावसायिक संघात गेली, आणि २०२५ मध्ये आकडा ८५ लाखांवर आला. लगेच काही लोक म्हणाले, "बघा, फुगा फुटला!"

मी म्हणतो, येथेही तेच दोन प्रश्न विचारा. २०२३ साली हा सामना पैसे मोजून घ्यायच्या वाहिनीवरून सर्वांना दिसणाऱ्या वाहिनीवर आला होता. ती वाढ काही एकट्या मुलीची नव्हती. २०२४ शी ताडून पाहिले तर २०२५ ची घसरण निम्म्याहून अधिक. २०२२ शी ताडले तर तीच वाढ पाऊणपट. आणि आयोवात, क्लार्क गेल्यावरच्या मोसमातही, सगळी तिकिटे आधीच विकली गेली. पुराचे पाणी ओसरले म्हणजे विहीर आटली असे नव्हे.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही पुण्याला फोन लावला. तेथे सकाळ झाली होती. अक्का चहा घेत होती. मी मोठ्या उत्साहाने आकडा सांगितला. ती म्हणाली, "खरंच आले होते, की नुसती तिकिटं खपली होती?" इतिहास मी शिकवला, पण प्रश्न विचारायला शिकलो ते हिच्याकडून, हे मला त्या क्षणी कळले.

मग ती जरा थांबून म्हणाली, "आमच्या वेळी अकरा होती."

मला ते लगेच उमगले. १९६४ साल. अक्का कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळायची होती. आमचे अण्णा तिला खेळू देत, पण पाहायला जात नसत. आई घरातून निघणे शक्य नव्हते. मी सोळा वर्षांचा. जाण्याचे कबूल करून सायकलवर टांग टाकून निघालो, आणि वाटेत इराण्याच्या हॉटेलात रेडिओवर क्रिकेटचे वर्णन चालले होते तेथे थांबलो, तो संध्याकाळपर्यंत. रात्री अक्काने विचारले, "माणसं बरी होती ना रे?" मी म्हटले, "पुष्कळ होती." ती काहीच बोलली नाही. मला वाटले, पचले.

एकोणसाठ वर्षांनी फोनवर ती म्हणाली, "अरे, फ्री थ्रो घ्यायच्या आधी मी मोजली होती. आठ मुली, दोन मास्तर आणि एक माळी. तू त्यात नव्हतास."

मी विचारले, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू लहान होतास. आणि आम्ही जिंकलो होतो."

भाची माझ्याकडे पाहत होती. आईच्या खेळाची हकीकत ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने माझ्या हातून फोन घेतला आणि विचारले, "आई, तू किती गुण केलेस गं त्या दिवशी?"

अक्काला तोही आकडा पाठ होता.