पदवीच्या वर्गातलं संशोधन : लँगरहान्सपासून उमरीच्या बँकेपर्यंत

पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना आपण संशोधनाच्या व्याख्या पाठ करतो. मूलभूत आणि उपयोजित, गुणात्मक आणि संख्यात्मक, गृहीतकाचे प्रकार, नमुना निवडीच्या पद्धती. पण संशोधन हे 'विद्यार्थ्याचं' काम कधीपासून झालं, हा प्रश्न कोणत्याच गाईडमध्ये नसतो. आज तो विचारायला हवा, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर फिल्ड प्रोजेक्ट, सामाजिक सहभाग आणि इंटर्नशिप या गोष्टी महाराष्ट्रातल्या पदवीच्या क्रेडिटमध्येच आल्या आहेत. बी.ए.ला असो की बी.एस्सी.ला, कॉलेज नांदेड शहरातलं असो की उमरीसारख्या तालुक्याच्या गावातलं, काहीतरी शोधून लिहून द्यावंच लागतं.

लिहून देणं आणि शोधणं यात फरक आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची फाईल मिळते, वरचं पान बदलतं, स्पायरल बाइंडिंग होतं, सही होते. यात सगळा दोष पोरांचा नाही. आपली विद्यापीठं ज्या साच्यातून आली, तो साचाच मुळात परीक्षेचा होता.

साचा कुठून आला?

१८१० साली बर्लिन विद्यापीठ सुरू झालं. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांची त्यामागची कल्पना साधी होती. ज्ञान ही पूर्ण झालेली वस्तू नाही, त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही शोधणारेच. जर्मनीत पुढे सेमिनार आणि प्रयोगशाळा हीच शिकण्याची जागा बनली.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं निघाली, ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. कॉलेजांना संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढंच विद्यापीठाचं काम. शिकवणं कॉलेजात चालायचं आणि शोध बहुधा दोन्हीकडे नसायचा. 'हे परीक्षेला येतं का?' हा प्रश्न आपल्या वर्गात इतका सहज विचारला जातो, त्याचं मूळ निदान दीडशे वर्षं जुनं आहे.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. हा भाग निजामाच्या राज्यात. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झालं आणि तिथे माध्यम उर्दू होतं. मराठी घरातल्या पोराला पदवी हवी तर एक तर हैदराबाद गाठायचं, नाहीतर राज्याबाहेर जायचं. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालयही १९५० चं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ ला झालं आणि नांदेड, लातूर, परभणी या भागासाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला कॉलेज हीच नवी वस्तू होती. 'पदवीच्या पोरानं संशोधन करावं' ही अपेक्षा त्यानंतरची.

तीन विद्यार्थी

तरीही विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाचा इतिहास मोठा आहे. आरोग्य, विज्ञान आणि मानव्यविद्या यांतून एकेक उदाहरण घेतो.

पहिला पॉल लँगरहान्स. १८६९ साली बर्लिनमधल्या या २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं प्रबंधासाठी स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आजूबाजूच्या पेशींपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पेशींचे लहान लहान पुंजके त्याला दिसले. त्यानं त्यांचं नीट वर्णन केलं आणि त्यांचं काम काय ते आपल्याला माहीत नाही, असं स्पष्ट नोंदवलं. १८९३ मध्ये त्या पुंजक्यांना त्याचं नाव मिळालं. १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि नुकतीच पदवी झालेला २२ वर्षांचा चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिनवर काम केलं, तेव्हा जगाला कळलं की इन्सुलिन त्याच पेशींतून येतं. लँगरहान्सनं मधुमेहावर उपाय शोधला नाही. त्यानं एक गोष्ट बारकाईनं पाहिली आणि जिथे माहिती संपली तिथे थांबला. आपल्या प्रोजेक्टमधलं 'अभ्यासाच्या मर्यादा' हे प्रकरण आपण शेवटच्या रात्री दोन ओळींत उरकतो. ते किती मोलाचं असू शकतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दुसरे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पदवीला होते. १९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले आणि हा मुलगा त्यांना भेटायला गेला. सोमरफेल्डचं अणुरचनेवरचं पुस्तक त्यानं वाचलेलं होतं. सोमरफेल्डनी सांगितलं की त्या पुस्तकातलं पुंजभौतिक आता जुनं झालंय, आणि आपल्या नव्या, अजून न छापलेल्या लेखाची मुद्रितं त्याच्या हातात दिली. त्या आधारावर चंद्रशेखर यांनी स्वतः एक प्रश्न सोडवला आणि त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा त्यांची पदवी पूर्ण व्हायची होती. बुद्धिमत्ता असामान्य होती, यात वादच नाही. पण 'तू वाचलेलं जुनं झालंय' असं सांगणारं आणि नवं वाचायला देणारं माणूसही त्यांना भेटलं. गाईडचं खरं काम हेच.

तिसरे डॉ. आंबेडकर. ते पदवीच्या पुढच्या टप्प्यावर होते, पण निबंध वर्गातलाच होता. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. वय २५. आधीच्या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे, असं मांडलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्याच गोष्टीशी कशा जोडल्या आहेत, हे दाखवलं. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. पूर्वसाहित्याचा आढावा कसा लिहायचा हे शिकायचं असेल तर हा निबंध जरूर वाचा. त्यात आढावा म्हणजे नावांची यादी नाही. प्रत्येक व्याख्येत काय पटतं आणि काय कमी पडतं, यावर तिथे चर्चा आहे.

या तिघांकडे काय होतं? छोटा, नेमका प्रश्न. स्वतः केलेलं निरीक्षण किंवा स्वतः मांडलेला युक्तिवाद. आणि ते वाचून त्यावर बोलणारं कुणीतरी.

योजना आल्या, पण कुणासाठी?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम योजनांमध्ये बसवलं गेलं. अमेरिकेत एमआयटीनं १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची स्वतंत्र व्यवस्था सुरू केली. भारतात आयसीएमआरची वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून. दोन महिने, एक गाईड, एक अहवाल. विज्ञानाकडे वळणाऱ्या मुलांसाठी १९९९ ला किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली. ती आता इन्स्पायरमध्ये विलीन झाली आहे. महाराष्ट्रात राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली. मानव्यविद्या, वाणिज्य-विधी, शुद्ध विज्ञान, शेती, अभियांत्रिकी आणि वैद्यक-औषधनिर्माण अशा सहा गटांत पदवीची मुलंही त्यात पोस्टर घेऊन उभी राहतात.

या सगळ्या योजना निवडक मुलांसाठी होत्या. बदल झाला २९ जुलै २०२० च्या धोरणानं. डिसेंबर २०२२ च्या यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करून 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं. आणि महाराष्ट्राच्या क्रेडिट रचनेत फिल्ड प्रोजेक्ट तर सगळ्यांनाच आहे. जे काही थोड्यांच्या वाट्याला यायचं, ते एकदम लाखोंना सक्तीचं झालं. गाईड मात्र तेवढेच, काही कॉलेजांत तर तासिका तत्त्वावरचे. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत यातून एक तर खूप काही नोंदलं जाईल, नाहीतर एकाच फाईलच्या लाख प्रती निघतील.

मग उमरीत काय करायचं?

आपल्याकडे एक समज घट्ट आहे, की संशोधन म्हणजे मोठी लॅब, मोठं ग्रंथालय, मोठं शहर. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण बघा. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा माणूस डॉक्टर होऊन रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. तिथे विंचूदंशानं माणसं मरत होती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून लक्षणं टिपली, रक्तदाब लिहून ठेवला. १९८६ साली प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाबद्दल त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. २०२२ ला पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली होती ती रुग्णांच्या नोंदींपासून.

आता उमरीचं बघू. ३० जानेवारी १९४८ ला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर छापा घातला आणि रक्कम लढ्यासाठी नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकांत ही घटना येते, १७ सप्टेंबरच्या भाषणांतही येते. बहुतेक वेळा ती शौर्यकथा म्हणूनच सांगितली जाते.

बी.ए.च्या विद्यार्थ्यानं 'मराठवाडा मुक्तिसंग्राम : एक अभ्यास' असा टॉपिक घेतला तर तो बुडाला. त्यापेक्षा हे प्रश्न घ्या. लुटण्याइतकी रोकड असलेली बँक उमरीतच का होती? मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास इथून गेली, तिचा आणि इथल्या बाजाराचा त्याच्याशी काय संबंध? छाप्यानंतर गावातल्या सामान्य माणसांचं, दुकानदारांचं, बँकेत पैसे असणाऱ्यांचं काय झालं? हिंदू आणि मुस्लीम घरांमध्ये ही आठवण एकाच पद्धतीनं सांगितली जाते का? बायका काय सांगतात?

आणि इथे घाई आहे. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या बरंच पुढे गेलंय. निजाम काळातली कागदपत्रं हैदराबादच्या पुराभिलेखागारात दहा वर्षांनीही वाचता येतील. पण ओट्यावर बसलेली आजी दहा वर्षांनी भेटणार नाही. पुण्या-दिल्लीचा पीएच.डी.वाला तिच्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तुम्ही संध्याकाळी चालत जाऊ शकता, तिची बोली तुम्हाला कळते, आणि तुम्ही कुणाचे हे तिला माहीत असतं. याचा तोटाही आहे. ओळखीच्या माणसाला काही गोष्टी मुद्दाम सांगितल्या जात नाहीत. तेही नोंदवायचं.

विज्ञानवाल्यांसाठी: एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही ठरावीक वेळाच मोजते. तुमच्या गावातल्या दहा विहिरींची पातळी दर रविवारी दोरी आणि टेपनं मोजा, सोबत पाऊस लिहा. एका वर्षात तुमच्या गल्लीबद्दल जी माहिती तयार होईल, ती सरकारी तक्त्यात नसेल.

आरोग्याकडे जाणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आकडा सगळेच कॉपी करतात. एका वस्तीत मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांपैकी किती प्रत्यक्ष खाल्ल्या गेल्या आणि उरलेल्या का राहिल्या, हे विचारा. रक्त तपासायला जाऊ नका. त्यासाठी नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस लागतो. नुसतं विचारायचं असलं तरी आधी संमती घ्या, आणि अहवालात कुणाचं नाव टाकू नका.

सबमिट करण्याआधी

प्रश्न एका वाक्यात लिहून घरच्या माणसाला वाचून दाखवा. 'म्हणजे काय?' असं आलं तर प्रश्न अजून मोठा आहे, बारीक करा. प्रत्येक मुलाखतीची तारीख, जागा आणि सोबत कोण बसलं होतं ते लिहा. दोन माणसांची उत्तरं जुळली नाहीत तर एक खोडू नका, दोन्ही ठेवा. इतिहासात बहुतेक वेळा खरं काम तिथूनच सुरू होतं. जे सापडलं नाही ते लँगरहान्ससारखं सरळ लिहा.

आणि एक प्रत जास्तीची काढा. कॉलेजातली फाईल पाच वर्षांनी रद्दीत जाण्याची शक्यता मोठी. ही दुसरी प्रत गावच्या वाचनालयात द्या. ज्यांनी तुम्हाला दोन तास बसवून घेऊन सांगितलं, त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा. चुकलं असेल तर तेच सांगतील, आणि ती दुरुस्ती व्हायवाच्या आधी मिळालेली बरी.