तबकडीवरील नांव



एखादें गाणें कानांवर पडलें कीं "हें कोणीं गायिलें?" असा प्रश्न आपण सहज विचारतों, आणि त्याचें उत्तर मिळणें हा आपला हक्कच आहे असें समजून चालतों. परंतु हिंदी-उर्दू बोलपटांच्या आरंभींच्या काळांत हें उत्तर मिळेलच अशी खात्री नसे. त्या उत्तराची हकीगत आज सांगावयाची आहे. ती गायकांची हकीगत आहे हें खरेंच. पण तिच्यांतील मोठा वाटा ऐकणारांचा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाहीं.

आरंभीं हा प्रश्न उद्भवतच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला. त्यांत सात गाणीं होतीं. चित्र आणि ध्वनि एकाच वेळीं टिपावयाचे, म्हणून पडद्यावर जो दिसे त्यालाच गावें लागे. वादकांनीं झाडाआड किंवा कोपऱ्यांत, चित्रांत येणार नाहीं अशा जागीं दडून बसावयाचें. स्टुडिओजवळून आगगाडीचा रस्ता जात असल्यामुळें काम रात्रीं, गाड्या थांबल्यावर चाले. त्या बोलपटांतला फकीर गातांना दिसला, तो वझीर महंमद खान. आणि गायिलाही तोच. पुढच्याच वर्षीं ‘इंद्रसभे’त सुमारें सत्तर गाणीं आलीं, परंतु तेथेंही तोंड आणि गळा एकाच माणसाचा.

ही जोडी फुटली ती कलकत्त्यास. न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं ‘धूपछांव’ काढला; दिग्दर्शन नितीन बोस यांचें, संगीत रायचंद बोराल यांचें. त्यांतील गाणें अगोदर मुद्रित करून घेतलें आणि मग पडद्यावरील पात्रांनीं त्यावर ओठ हलविले. ज्यांचे आवाज त्या गाण्यांत होते त्यांपैकीं एक पारुल घोष. अनिल विश्वास यांच्या त्या भगिनी आणि बासरीवादक पन्नालाल घोष यांच्या पत्नी. येथून पुढें चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा अशी वहिवाट सुरू झाली. सैगल, काननबाला, नूरजहां, सुरैया हीं मंडळी आपलें आपण गात. पण ज्यांना गातां येत नसे अशा देखण्या नटनट्यांना आतां अडचण उरली नाहीं.

अडचण आली ती तबकडीवर. मिनिटास अठ्याहत्तर फेरे घेणारी ती तबकडी. एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें मावे, आणि मधोमध तळहाताएवढी कागदी चकती. तिच्यावर चित्रपटाचें नांव हवें, कारण तबकडी म्हणजे चित्रपटाची फिरती जाहिरात. मग गायकाचें? निर्मात्यांची बाजू अगदींच टाकाऊ होती असें मी म्हणणार नाहीं. नायिका गाते आहे असा भास त्यांनीं खर्च करून निर्माण केलेला. चकतीवर दुसऱ्याच बाईचें नांव छापून तो आपल्याच हातानें कसा मोडावा? त्यामुळें व्यवहार सर्वत्र सारखा नव्हता. ‘खजांची’ने शमशाद बेगम, ‘किस्मत’ने अमीरबाई कर्नाटकी, ‘रतन’ने जोहराबाई अंबालेवाली यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं झालीं. पण कित्येक तबकड्यांवर गायिकेच्या जागीं कथेंतल्या पात्राचेंच नांव छापलें जाई, आणि घरोघरीं ग्रामोफोनला चावी देणारा माणूस तेंच वाचून समाधान मानी.

हें समाधान १९४९ सालीं संपलें. त्या वर्षीं बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, गीतें नक्शब जारचवी यांचीं, संगीत खेमचंद प्रकाश यांचें. एका ओसाड हवेलींत एक स्त्री दिसते न दिसते तोंच नाहींशी होते आणि तिचें गाणें मात्र ऐकूं येत राहतें, अशी ती कथा. पडद्यावर मधुबाला, पात्राचें नांव कामिनी. ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या आरंभीं आवाज दुरून जवळ येत आहे असा भास व्हावयास हवा होता. त्यासाठीं आजच्यासारखीं साधनें नव्हतीं. तेव्हां ध्वनिग्राहक एका जागीं ठेवला, गायिकेला दूर उभें केलें, आणि आरंभींच्या ओळी म्हणत ती हळूहळू त्याच्याकडे चालत आली. विशीही न गांठलेली ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर.

तबकडी बाजारांत आली. तिच्यावर गायिकेचें नांव होतें ‘कामिनी’! म्हणजे जी जगांत कोठेंच नव्हती तिनें तें गाणें गायिलें होतें. ज्यांनीं तो चित्रपट पाहिला आहे त्यांना हेंही ठाऊक असेल कीं कथेंतसुद्धां ती खरी कामिनी नव्हतीच. नभोवाणीवरून गाणें लागूं लागलें, आणि श्रोत्यांचीं पत्रें येऊं लागलीं: ही गाणारी कोण? ‘कामिनी’ हें उत्तर कोणाला पटेना. पत्रें इतकीं वाढलीं कीं ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीकडे विचारणा करून गायिकेचें खरें नांव प्रक्षेपणांत सांगणें भाग पडलें. ही आठवण लताबाईंनीं स्वतःच सांगितलेली आहे. खेमचंद प्रकाश यांना मात्र यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. ‘महल’ पडद्यावर येण्यापूर्वींच, ऑगस्ट १९४९ मध्यें, ते वारले.

येथें एक गोष्ट आपणां मराठी माणसांनीं लक्षांत घ्यावी. नुसत्या आवाजावरून ही बाई कोणत्या प्रांतांतली हें सांगणें अवघड होतें, आणि तें आपोआप घडलेलें नव्हतें. त्यापूर्वीं दोनएक वर्षें, अनिल विश्वास यांच्याबरोबर लोकलनें जात असतां, दिलीपकुमारांची त्यांची गांठ पडली. ही मुलगी मराठी आहे असें कळतांच त्यांनीं तिच्या उर्दू उच्चारांविषयीं शंका बोलून दाखविली. शंका मराठी वळणाची होती, म्हणजे झोंबणारीच. पण लताबाईंनीं रुसून न बसतां एका मौलवींकडे उर्दूची शिकवणी धरली. ‘महल’च्या गाण्यांतील उच्चार ऐकतांना तीं वर्षें ऐकूं येतात, असें मला नेहमीं वाटतें.

नांव मिळालें तरी मान लगेच मिळाला नाहीं. फिल्मफेअरचीं पारितोषिकें १९५४ पासून सुरू झालीं, तीं संगीतकाराला होतीं, गायकाला नव्हतीं. १९५७ च्या समारंभांत ‘चोरी चोरी’तील आपलें गाणें म्हणण्यास लताबाईंनीं नकार दिला तो याच कारणासाठीं. गायकांसाठीं पारितोषिक १९५९ सालीं निघालें, आणि पहिलें त्यांनाच, ‘मधुमती’तील गाण्याबद्दल, मिळालें.

मध्यंतरीं नभोवाणीवर मोठी गंमत झाली होती. १९५२ सालीं डॉक्टर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे त्या खात्याचे मंत्री झाले. ते पुण्याचे, अभिजात संगीतावरील त्यांची निष्ठा खरी होती, आणि त्याच वर्षीं सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाबद्दल त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु चित्रपटगीतें म्हणजे रुचीचा बिघाड अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या कारकीर्दींत गीतांना चाळणी लागली, आणि चित्रपटाचें नांव उच्चारणें ही जाहिरात ठरवून तें गाळलें गेलें. सांगावयाचें तें फक्त गायकाचें नांव! तीन वर्षांपूर्वीं ज्या नांवासाठीं पत्रांचा पाऊस पडला होता, तेंच आतां एकटें उरलें. निर्मात्यांनीं रागावून आपलीं गीतें वाजविण्याची परवानगी काढून घेतली, आणि आकाशवाणीवरून तीं जवळजवळ नाहींशीं झालीं.

श्रोत्यांनीं रेडिओची कळ फिरविली आणि सिलोन गांठलें. ३ डिसेंबर १९५२ रोजीं रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सायानी यांनीं सांगितल्याप्रमाणें पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रें आलीं, आणि पुढें आठवड्याला ६५,००० पर्यंत हा आंकडा गेला. झुमरी तलैया हें अभ्रकाच्या खाणींचें लहानसें गांव केवळ फर्माइशीच्या कार्डांमुळें हिंदुस्थानभर ठाऊक झालें. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीनें ‘विविध भारती’ काढली आणि रुसलेल्या श्रोत्यांना परत बोलाविलें.

आमच्या वाड्यांत बुधवारीं रात्रीं आठ वाजतां दादा वही घेऊन रेडिओपाशीं बसे. सिलोन कधीं स्वच्छ लागे, कधीं समुद्राच्या लाटांसारखा येई-जाई. वहींत पांच रकाने आंखलेले: गाणें, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. नेमकें नांव सांगतांना खरखर झाली कीं त्याचा चेहरा असा पडे, जणूं कोणी ताटावरून उठविलें आहे. मग तो कार्ड टाकी, नाहीं तर शनिवारीं शेजारच्या वाड्यांतल्या मित्राची वही आपल्या वहीशीं ताडून पाही. त्यांतून एकदां तलत आणि एका दुसऱ्या गायकावरून दोघांचें बोलणें महिनाभर बंद होतें. आई म्हणे, "परीक्षेच्या वह्या इतक्या नीट ठेवल्या असत्यास तर!"

अशा वह्या देशभर होत्या. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांची वही मात्र वहीपुरती राहिली नाहीं. बँकेची नोकरी सांभाळून त्यांनीं तबकड्यांच्या चकत्या, कंपन्यांच्या याद्या आणि चित्रगृहाबाहेर एक-दोन आण्याला विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका गोळा केल्या, गांवोगांवच्या शौकिनांशीं पत्रव्यवहार केला, आणि ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड प्रथम, १९८० सालीं निघाला; मग ते मागें मागें सरकत १९३१ पर्यंत पोहोंचले. जितकें मागें जावें तितकी माहिती विरळ. ‘आलम आरा’च्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहींत, आणि त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.

दादाची वही आतां माझ्याकडे आहे. तिच्यांत ‘महल’च्या गाण्यापुढें गायकाच्या रकान्यांत प्रथम पेन्सिलीनें ‘कामिनी’ लिहिलेलें आहे. कोणाची तरी जुनी तबकडी पाहून त्यानें तें उतरून घेतलें असावें. त्यावर एक आडवी रेघ आहे, आणि वर शाईनें दुसरें नांव. पुढच्या पानांवर मात्र तिसऱ्या रकान्यांत अकरा जागा कोऱ्या आहेत. त्यांतल्या सात मी गीत कोशावरून भरल्या. उरलेल्या चार तशाच आहेत. चित्रपटांचीं नांवें आहेत, सालें आहेत, गाणाऱ्या बायकांचीं नांवें नाहींत.