तांत्रिक तालीम

तांत्रिक तालीम : नाटकाचे नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा आणि रंगमंचसाहित्य नटांच्या हालचालींशी प्रथमच जुळवून पाहण्याची तालीम. हॉलमध्ये नाटक बसल्यानंतर आणि रंगीत तालमीच्या आधी ती होते. नाटकवाले तिला नुसते ‘टेक्निकल’ म्हणतात.

या तालमीत नट सबंध प्रवेश करत नाहीत. प्रकाश किंवा संगीत बदलण्याच्या जागेला ‘क्यू’ म्हणतात. त्याआधीच्या दोन-तीन वाक्यांपासून सुरुवात करायची, बदल साधला की मधले संवाद गाळून थेट पुढचा क्यू गाठायचा. फेडआउट (प्रकाश हळूहळू मालवणे) किती सेकंदांचा, नटाने काळोख झाल्यावर उठायचे की होता होता, संगीत शेवटच्या शब्दावर चढवायचे की त्यानंतरच्या शांततेत, हे इथे ठरते. ब्लॅकआउटमध्ये टेबल कोणी उचलायचे आणि कोणत्या विंगेतून न्यायचे हेही. हॉलमध्ये उत्तम रंगलेला प्रवेश इथे दहा वेळा थांबतो. नटांनी ते मनाला लावून घेऊ नये.

चित्रित पडद्यांच्या संगीत नाटकाला एवढी जुळवाजुळव लागत नसे. ‘आंधळ्यांची शाळा’ने (१९३३) पडद्यांऐवजी बंदिस्त खोलीचे नेपथ्य आणले आणि वास्तवदर्शी नाटकाबरोबर तांत्रिक बाजूचे वजन वाढले. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) फिरत्या रंगमंचावर होई. प्रभाकर पणशीकर त्यात एकाच माणसाची अनेक सोंगे वठवत. अशा नाटकात मंच फिरून स्थिरावतो तेवढ्यात वेशांतर उरकावे लागते, आणि ते घड्याळ लावून घोटल्याशिवाय जमत नाही.

अमेरिकी व्यावसायिक रंगभूमीवर टेक्निकलला सलग काही दिवस मिळतात. बारा तासांच्या अवधीत दहा तास काम, अशी तिथली रूढ पद्धत आहे. मराठी व्यावसायिक नाटक मात्र एका नाट्यगृहात मुक्काम करत नाही आणि नाट्यगृह मिळते ते सत्राच्या भाड्याने. त्यामुळे टेक्निकल बहुधा एका सत्रात आटपते, कधी रात्रीचा प्रयोग सुटल्यावर पहाटेपर्यंत चालते. पुढे दौऱ्यावर प्रत्येक मंचाची खोली, विंगांची रुंदी, दिव्यांच्या बारची उंची वेगळी निघते. सेट लागला की प्रकाशवाला पुन्हा फोकस करतो आणि नट नवे अंतर पावलांनी मोजून घेतात. तिसऱ्या घंटेपूर्वीची ही धावपळ म्हणजे छोटी टेक्निकलच. क्यू मात्र पुष्कळदा कागदाऐवजी ऑपरेटरच्या डोक्यात असतात. तो आजारी पडला की त्यातली अडचण कळते.

एकांकिका स्पर्धांमध्ये सेट लावायलाही मोजकीच मिनिटे मिळतात. म्हणून महाविद्यालयीन संघ संवादांइतकीच सेट लावण्या-काढण्याची तालीम करतात. कोणता फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) आधी आत न्यायचा इथपर्यंत.