विवाहमूलक निवासाधिकार, परकीय जोडीदाराचा (भोर व वेल्हे तालुके, जि. पुणे)

भारतीय नागरिकाशी विवाहबद्ध झालेल्या परकीय स्त्रीस वा पुरुषास त्या विवाहाच्या आधारे प्रथम मुदतीचा निवास परवाना, पुढे आजीव प्रवेशाची सनद आणि शेवटी, अर्ज मान्य झाल्यास, नागरिकत्व असा जो पायरीपायरीने वाढणारा दर्जा मिळतो, त्याचा विचार या नोंदीत पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. अक्षता पडल्या की सून ‘इथली’ झाली हा गावचा न्याय असला, तरी सरकारी दप्तरास तो मान्य नाही. भारतीय कायद्यात केवळ विवाहाने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. वेल्हे तालुक्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. प्रस्तुत नोंदीत जुने नाव ठेवले आहे.

पूर्वस्थिती : हे दोन्ही तालुके स्वातंत्र्यापूर्वी मुख्यत्वे पंत सचिवांच्या भोर संस्थानात मोडत. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे या संस्थानाचे पाच तालुके असत, आणि त्यांपैकी राजगड व प्रचंडगड (म्हणजे तोरणा) ही नावे ज्या किल्ल्यांवरून आली ते दोन्ही किल्ले आजच्या वेल्हे तालुक्यात आहेत. संस्थानची रयत ही कायद्याच्या काटेकोर अर्थाने ब्रिटिश प्रजा नव्हती. ती ‘ब्रिटिश संरक्षित’ व्यक्तींत गणली जाई आणि परदेशी जाणाऱ्याच्या पारपत्रावरही तसाच उल्लेख होई. याचा विवाहाशी संबंध असा, की १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वविषयक कायद्याच्या दहाव्या कलमान्वये ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजनच समजली जाई, परंतु पतीच ब्रिटिश प्रजाजन नसेल तर त्या कलमाचा लाभ त्याच्या परकीय पत्नीस मिळण्याचे कारण नव्हते. तेव्हा पुण्याच्या सदाशिव पेठेत जन्मलेल्या गृहस्थाने युरोपीय स्त्रीशी लग्न केले तर ती बोहल्यावरून उतरताच बादशहाची प्रजा होई. तोच गृहस्थ भोरच्या वाड्यालगत जन्मलेला असता, तर तिचा दर्जा दरबारच्या मर्जीवर व राजकीय खात्याच्या पत्रव्यवहारावर अवलंबून राही. मात्र १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ‘परकीय’ या संज्ञेतून संस्थानी प्रजेस स्पष्ट वगळले होते, त्यामुळे भोरचा रहिवासी खडकवासल्यास आला म्हणून परका ठरत नसे. ही व्याख्या ‘भारताचा नागरिक नसलेली व्यक्ती’ अशी सुटसुटीत झाली ती १९५७ च्या दुरुस्तीने. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले.

या काळातील मराठी समाजातला सर्वांत परिचित विवाह कोशकर्त्याचाच आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी १९२० मध्ये एडिथ कोहन या जर्मन-यहुदी कुळातील विदुषीशी विवाह केला. व्रात्यस्तोम विधीने त्यांस हिंदू करून घेण्यात आले व त्या शीलवतीबाई केतकर झाल्या. विंटरनित्स यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. त्या वेळी १८७२ चा विशेष विवाह कायदा अस्तित्वात होता, पण त्याखाली लग्न करणाऱ्यास आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी धर्म मानीत नाही असे प्रतिज्ञेवर सांगावे लागे. ज्यास धर्म सोडावयाचा नव्हता त्यास परकीय वधूला धर्मात घेणे एवढीच वाट मोकळी राही. केतकरांचा जन्म रायपूरचा, म्हणजे इंग्रजी अमलातील मुलखातला, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत नाही.

१९५० ते १९५५ : संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने २६ जानेवारी १९५० या दिवशी कोण नागरिक ठरेल एवढेच सांगितले, त्यानंतर नागरिकत्व कसे मिळावे हे संसदेवर सोपविले. विवाहाने स्त्रीस पतीचे अधिवासस्थान प्राप्त होते असे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमात म्हटले असल्यामुळे, आधीच लग्न होऊन किमान पाच वर्षे येथे राहिलेल्या परकीय पत्नी त्या दिवशी नागरिक झाल्या. पण १९५२ साली लग्न होऊन आलेलीस ३० डिसेंबर १९५५ रोजी नागरिकत्व कायदा येईपर्यंत दारच नव्हते.

१९५५ नंतर : नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(क) मध्ये मुळात ‘भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या स्त्रिया’ एवढेच शब्द होते. वास्तव्याची मुदत त्या कलमात नव्हती, आणि परकीय पतीचा तर विचारच नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाजागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला व पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली गेली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षे झाली. भोरच्या मुलीने परदेशी मुलाशी लग्न केले तर त्या जावयास तीस वर्षे या कलमाने काहीच दिले नाही, ही गोष्ट कायद्याच्या टीकाकारांनी जितकी बोलावयास हवी होती तितकी बोललेली आढळत नाही.

जवळच्या जिल्ह्यांतील दोन उदाहरणे या संदर्भात उपयोगी पडतात. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ डॉ. गेल ऑम्वेट (१९४१–२०२१) यांनी १९७६ मध्ये डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, सांगली जिल्ह्यातील कासेगावास संसार थाटला आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले, म्हणजे जुने, मुदत नसलेले कलम अमलात असतानाच. उलट फलटणास शाळा उभारणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन याही जन्माने अमेरिकनच; त्यांनी १९७८ मध्ये नागरिकत्व मिळविले ते विवाहाविना.

विवाहनोंद : पुढील सर्व इमारत ज्या पायावर उभी राहते तो विवाहाचा दाखला होय, आणि तो कोणत्या कायद्याखालचा आहे याकडे दुर्लक्ष केल्यामुळेच पुढे बहुतेक अर्ज अडतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा उभय पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो; त्यामुळे परधर्मीय वधूशी रायरेश्वर वा बनेश्वर मंदिरात लावलेले लग्न कितीही थाटाचे असो, त्या कायद्याखाली ते टिकत नाही. गावात ग्रामसेवक हाच १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमान्वये विवाह निबंधक असतो. त्याच्याकडे ‘नमुना ड’ भरून, लग्नपत्रिका, पुरोहिताची व साक्षीदारांची सही जोडून ‘नमुना इ’ चा दाखला मिळतो खरा, परंतु ती झालेल्या लग्नाची नोंद असते, मुळात अवैध लग्नास ती वैध करीत नाही.

म्हणून मिश्र विवाहास १९५४ चा विशेष विवाह कायदा हाच राजमार्ग. उभयतांपैकी एकाने जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य केलेले असावे. त्यानंतर विवाह अधिकाऱ्यास नोटीस द्यावी, ती कचेरीच्या फलकावर लागते. तीस दिवसांत कोणी हरकत न घेतल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत तो न झाल्यास नोटीस रद्द होऊन सारे पुन्हा आरंभावे लागते. परकीय पक्षाकडून त्याच्या वकिलातीचा अविवाहित असल्याचा दाखला मागितला जातो. जिल्ह्याचा विवाह अधिकारी पुण्यास बसतो. केळद वा सिंगापूरसारख्या घाटमाथ्यावरील गावांतून श्रावणात त्या कचेरीपर्यंत तीन साक्षीदार आणणे हे कायद्यातील कोणत्याही अटीपेक्षा कठीण, असे अनुभवी लोक म्हणतात.

दाखल्यावरील नाव हा एक स्वतंत्र विषय आहे. आपल्या नमुन्यांत नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव असे तीन रकाने असतात, आणि लिहिणारा कारकून सवयीने सुनेच्या नावापुढे मुलाचे नाव घालून टाकतो. पारपत्रावर मात्र ती माहेरच्याच नावाची असते. मग ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र, आणि त्यासोबत आणखी एक हेलपाटा.

निवास परवाना : भारतीय नागरिकाच्या परकीय जोडीदारास प्रवेश व्हिसा (‘एक्स’ वर्गाचा) मिळतो, पर्यटक म्हणून येऊन येथेच लग्न केलेल्यास तो बदलून घेता येतो. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याने आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावयाची असते. २०१८ पासून अर्ज संगणकावरून होतात, तथापि चौकशी पायीच होते. भोर व वेल्ह्याच्या रहिवाशांचे परकीय नोंदणी अधिकारी म्हणजे पुणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. त्यांच्याकडून कागद ठाण्यावर येतो, ठाण्याचा शिपाई गावी येऊन पोलीस पाटील व शेजारी यांचे जबाब घेतो. राजगड या नावाचे पोलीस ठाणे भोर तालुक्यातील नसरापूरचे व राजगड किल्ला वेल्ह्यात, हे बाहेरच्या अर्जदारास ठाऊक नसते आणि कागद चुकीच्या ठाण्यावर जाण्यास तेवढे पुरते. नेपाळ व भूतान येथील नागरिकांस व्हिसा लागत नाही. पाकिस्तानी जोडीदाराचे नियम सर्वस्वी निराळे व वारंवार बदलणारे आहेत. १९२० चा पारपत्र (प्रवेश) कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा व १९४६ चा परकीय नागरिक कायदा हे तिन्ही रद्द करून आप्रवास व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला आहे.

परदेशस्थ भारतीय नागरिकत्व (ओसीआय) : हे नावाने नागरिकत्व असले तरी वस्तुतः आजीव व्हिसा होय. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असल्यास, सुरक्षाविषयक पूर्वपडताळणी होऊन परकीय जोडीदारास ते मिळू शकते. स्वतः अर्जदार अथवा त्याचे आईवडील, आजोबा-आजी वा त्यांचे आईवडील पाकिस्तान वा बांगलादेश यांचे नागरिक असल्यास वा पूर्वी असल्यास ते मिळत नाही. मताधिकार नाही.

नागरिकत्व : अर्जापूर्वीचे बारा महिने अखंड आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे भारतात वास्तव्य झालेले असावे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य शासनाकडे व तेथून केंद्राकडे जातो. निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागते.

जमीन : या दोन तालुक्यांत परकीय सून वा जावई हा प्रश्न चावडीवर येतो तो सातबाऱ्यामुळे, आणि याविषयी प्रचलित समजुती इतक्या चुकीच्या आहेत, की सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकता येत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ व त्याखालील नियमांनी ओसीआय धारकासही शेतजमीन, मळा अथवा फार्महाऊस विकत घेण्यास मनाई आहे. पानशेत व भाटघर जलाशयांच्या काठी गुंठ्यागुंठ्याने होणाऱ्या व्यवहारांत अशा जोडीदाराचे नाव खरेदीखतात घालण्याचा सल्ला देणारे दलाल भेटतात. तो सल्ला घातक आहे.

वारसाहक्काची गोष्ट वेगळी. वारशाने शेतजमीन मिळण्यास वरील मनाई आड येत नाही. मात्र ओसीआय धारकास ती पुढे द्यावयाची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच देता येते. परंतु वारसा कोणत्या कायद्याने, हाच खरा कूटप्रश्न. विशेष विवाह कायद्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये अविभक्त कुटुंबातील हिंदूने त्या कायद्याखाली विवाह केला की तो कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते, आणि एकविसाव्या कलमान्वये त्याच्या मालमत्तेस हिंदू उत्तराधिकार नव्हे तर भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. १९७६ साली घातलेल्या कलम २१-अ ने ही दोन्ही कलमे हिंदूचा विवाह हिंदूशीच झाला असेल तेथे काढून घेतली. याचा परिणाम असा, की हिरडस मावळातील शेतकऱ्याने ख्रिस्ती जर्मन मुलीशी विशेष विवाह केला व तो मृत्युपत्र न करता वारला, तर मुले असता पत्नीस एकतृतीयांश, मुले नसून अन्य नातलग असता निम्मा हिस्सा मिळतो. सासू, जी हिंदू कायद्यात पहिल्या वर्गाची वारस असते, ती मुले असल्यास काहीच मागू शकत नाही. तलाठी सवयीने आईसह सर्वांची वारस नोंद फेरफारास घालतो, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडल अधिकारी ती मंजूर करतो, आणि मग वर्षानुवर्षे प्रांताकडे अपील चालते. विवाहापूर्वी वधूने धर्मांतर केले असल्यास ही गुंतागुंत टळते असे सांगितले जाते. केवळ विवाहार्थ केलेल्या धर्मांतराविषयी न्यायालये साशंक असल्यामुळे त्यावर भिस्त ठेवणे सुरक्षित म्हणता येत नाही.

अपत्ये : भारतात जन्मलेले अपत्य, एक पालक भारतीय व दुसरा बेकायदा स्थलांतरित नसल्यास, जन्मतः नागरिक.

परदेशी स्थायिक कुटुंबे : उलट दिशेच्या प्रवासात, म्हणजे भोरचा मुलगा वा मुलगी अमेरिकन नागरिकाशी लग्न करून तेथे निवासदर्जा मागते तेव्हा, विवाहास दोन वर्षे झालेली नसल्यास १९८६ पासून प्रथम दोन वर्षांचा सशर्त निवासच मिळतो. अशा अर्जास जन्मदाखला लागतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू असून, त्याआधीच्या जन्माकरिता गावचा चौदा नंबरचा नमुना धुंडाळावा लागतो. भारत २००५ मध्ये हेग करारात सामील झाल्यापासून दाखल्यांवर अपोस्टिल (परदेशात मान्य होणारे प्रमाणीकरण) चालते.

विवाहविच्छेद : न्यायालयाने विवाह विसर्जित केल्यास जोडीदार म्हणून मिळालेले ओसीआय रद्द होऊ शकते.