धूर : कधी हवा, कधी नको

पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झाली. त्या काळी मंडईतून घरी गेलेली भाजी लाकडावर, गोवऱ्यांवर किंवा कोळशावर शिजे. पावसाळ्यात कणीस भाजणारा विक्रेता मात्र लाकूड सोडून कोळसाच का घेतो, याचा आपण विचार करू.

लाकूड तापले की प्रथम त्यातील पाणी उडून जाते. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडतात. हवा आणि उष्णता पुरेशी असेल तर ती पेट घेतात, हीच ज्वाळा. नाहीतर ती थंड होऊन त्यांचे सूक्ष्म थेंब बनतात, हाच धूर. मागे उरतो तो कोळसा. म्हणजे धूर हे न जळलेले इंधनच होय.

या धुराचा उपयोगही माणसाने करून घेतला. गोव्यात पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि त्यांच्या परंपरेतून 'चोरिस' रुजले. मीठ, मिरची व व्हिनेगर लावलेले डुकराचे मांस आतड्यात भरून उन्हात वाळवतात आणि चुलीच्या धुरात टांगतात. टिकवण्याचे मुख्य काम मीठ व आम्ल करतात. लाकडातील लिग्निनपासून आलेली फिनॉले जिवाणूंना आवर घालतात, चरबी लवकर खवट होऊ देत नाहीत आणि वासही देतात. त्यासाठी वाळलेले लाकूड, मंद धग आणि खेळती हवा लागते. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर मांस कडू करतो. ज्वाळा भडकली तर चरबी वितळते. ती निखाऱ्यावर टपकली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात.

मांसावर बसणारा हाच धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसातही जातो. वर्ध्याच्या मगनवाडीतून पुढे आलेल्या 'मगन चुली'ने धुराड्यावाटे तो घराबाहेर नेला. पण इंधन वायाच गेले. पुण्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली. तीत निघणारे वायू भट्टीतच जाळले जातात. धूर शेतावर संपतो, स्वयंपाकघरात येतो तो कोळसा. मात्र कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू निघतो. म्हणून बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये.

वर्गात मेणबत्ती विझवून तिच्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावून दाखवावी. ज्योत धुरावरून वातीकडे उडी घेते. फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळ व्याख्यानांत मुलांना हेच दाखवले होते.