हृदयाच्या पडद्यातील छिद्र

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते. डॉक्टर मुलांच्या छातीला नळी लावतात, एखाद्याच्या नावापुढे खूण करतात आणि पालकांना बोलावणे जाते. "हृदयाला छिद्र असावे" एवढे कानी पडताच पालकांच्या डोळ्यांपुढे फाडलेली छाती उभी राहते. कित्येक जण मग पुढच्या तपासणीला जातच नाहीत. आम्हा शिक्षकांना हे नेहमीचे झाले आहे. म्हणून हा इतिहास.

दुसऱ्या शतकात गॅलेनने लिहिले की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे झिरपते. हजार वर्षे हेच प्रमाण मानले गेले. दमास्कसला शिकलेले हकीम इब्न अल-नफीस यांनी १२४२ साली इब्न सीनांच्या ग्रंथावरील भाष्यात ते खोडून काढले. पडदा भरीव आहे, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते, असे त्यांनी लिहिले. हे भाष्य पुढे इतके विस्मृतीत गेले की १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित नव्याने ओळखावे लागले!

वरच्या कप्प्यांमधील पडद्याची गोष्ट निराळी. गर्भात तेथे प्रत्येकालाच वाट असते आणि ती जन्मानंतर मिटते. काही मुलांच्या या पडद्यात मात्र छिद्र राहून जाते. १९५२ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवून असे छिद्र टाक्यांनी शिवले. छाती उघडणे तेव्हा अटळच होते.

दुसरी वाट जर्मनीत निघाली होती. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरणांखाली ती पाहिली. या वेडेपणाला १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले! अशाच नळीवाटे किंग आणि मिल्स यांनी १९७५ साली छिद्र बुजवले, पण त्यांचे साधन लहान मुलांसाठी फार जाड होते. १९९० नंतरच्या दशकात कुर्ट अँप्लाट्झ यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारांची जाळीदार चकती बनवली. नळीत ती आक्रसून बसते, छिद्रात उघडते आणि पडद्याला दोन्ही बाजूंनी धरते. जांघेतल्या शिरेतून सारे काम होते. काही महिन्यांत चकतीवर शरीराचेच आवरण चढते.

सर्वच छिद्रांना हा उपाय चालत नाही. चकती धरायला कडा लागते. ती नसेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते; तीही काही मुलांत उजव्या काखेखालच्या लहान छेदातून होऊ शकते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. छिद्र कोठे, केवढे आणि कडा आहे की नाही, हे इको तपासणीत दिसते. खूण झालेल्या मुलाला तेवढ्यापर्यंत तरी न्या.