धूळ आणि ध्वनिमुद्रण : लिव्हरपूलच्या ‘द लाझ’ची एकुलती एक तबकडी

ऑक्टोबर १९९० मध्ये इंग्लंडमध्ये एक तबकडी बाजारात आली. गाणी बारा, वेळ जेमतेम पस्तीस मिनिटे. समीक्षकांनी तिचे मनापासून स्वागत केले. तिच्यातले ‘देअर शी गोज’ हे गाणे ब्रिटिश विक्रीच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत चढले. आणि त्याच वेळी ही सगळी गाणी रचणारा व गाणारा ली मेव्हर्स मुलाखतींमधून सांगत होता की ही तबकडी आपल्याला मान्य नाही. कंपनीने जाहिरातीसाठी मुलाखती ठरवायच्या आणि कलावंताने त्यांत आपल्याच मालाची निंदा करायची, असा तो प्रकार. त्यानंतर आजतागायत या चमूची दुसरी तबकडी आलेली नाही.

चमूचे नाव ‘द लाझ’. लिव्हरपूलच्या बोलीत ‘ला’ म्हणजे पोरगा. आपण ‘काय रे पोरा’ म्हणतो तसे. शिवाय स्वरसप्तकातला ‘ला’ही त्यात आहे. मराठी कानाला मात्र या नावात आधी ‘लाज’च ऐकू येते. तो योगायोग खराच, पण पुढची हकिकत वाचल्यावर तो अगदीच अस्थानी वाटत नाही.

बंदर ओसरल्यानंतर

लिव्हरपूल हे नाव आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशाच्या कापसामुळे जुने आहे. अमेरिकन यादवीच्या काळात मुंबई बंदरातून तिकडे गठाणी गेल्या आणि इकडे सट्ट्याचे पीक आले. पण १९८० च्या दशकातले लिव्हरपूल ते नव्हे. १९३१ मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९८१ पर्यंत पाच लाखांच्या घरात उतरली होती. गोद्या ओस पडल्या होत्या, बेकारी वाढली होती आणि १९८१ च्या उन्हाळ्यात टॉक्स्टेथ भागात मोठी दंगल झाली होती. बीटल्सची पुण्याई शिल्लक होती, काम नव्हते. हाताशी भरपूर वेळ आणि भाड्याने मिळणाऱ्या तालमीच्या खोल्या, एवढेच भांडवल असलेली तरुण पोरे या शहरात पुष्कळ होती.

त्यांतल्या माइक बॅजर याने १९८३ मध्ये हा चमू उभा केला. पुढच्या वर्षी मेव्हर्स आला आणि हळूहळू गाण्यांचा ओघ त्याच्याकडे वळला. १९८६ मध्ये जॉन पॉवर हा तरुण बास गिटार वाजवायला आला. त्याच सुमारास संस्थापक बॅजर बाहेर पडला. १९८७ मध्ये ‘गो! डिस्क्स’ या छोट्या, स्वतंत्र बाण्याच्या लंडनच्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. बिली ब्रॅग आणि हाउसमार्टिन्स हे याच कंपनीचे कलावंत. म्हणजे कलावंताला चिरडणारी एखादी अजस्र कंपनी इथे खलनायक म्हणून उभी करता येत नाही. गोष्ट सोपी न राहण्याचे पहिले कारण हेच.

निर्माते बदलत गेले

पहिले एकेरी गाणे ‘वे आउट’ १९८७ च्या अखेरीस आले आणि फारसे कोणाच्या कानावर न पडता गेले. १९८८ मध्ये बॉब अँड्र्यूज या निर्मात्याच्या हाताखाली ‘देअर शी गोज’ ध्वनिमुद्रित झाले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ध्रुपद आणि अंतरा असा भेदच त्यात नाही. एकच बंध पुनःपुन्हा येतो, मध्ये क्षणभर वळण घेतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. दोन मिनिटे बेचाळीस सेकंदांत सारे आटोपते. त्या वेळी ते यादीत एकोणसाठाव्या क्रमांकावर अडकले.

मग सुरू झाली पूर्ण तबकडीची खटपट. जॉन पोर्टर, जॉन लेकी, माइक हेजेस अशा नामांकित निर्मात्यांबरोबर सत्रे झाली. लेकी हा काही ऐरागैरा नव्हे. १९८९ मधली ‘स्टोन रोझेस’ची गाजलेली पहिली तबकडी त्याचीच. पण प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण व्हायचे, मेव्हर्स ऐकायचा आणि नाकारायचा. मधल्या काळात ढोलवादक आणि गिटारवादक येत-जात राहिले. शेवटी मेव्हर्सचा भाऊ नील ढोलावर आणि पीटर कॅमेल गिटारवर, असा संच ठरला. डिसेंबर १९८९ मध्ये लंडनच्या ईडन स्टुडिओत स्टीव्ह लिलीव्हाइट या निर्मात्याबरोबर काम सुरू झाले. यू-टू या आयरिश चमूच्या पहिल्या तबकड्या करणारा हा माणूस. तेही मेव्हर्सला पटेना. पुढे चमूने अंग काढून घेतले आणि कंपनीने लिलीव्हाइटकरवी हाती असलेल्या मुद्रणांतून तबकडी पुरी करून घेतली. केवळ खुणेसाठी गायलेले कच्चे गायन अंतिम म्हणून वापरले, ही मेव्हर्सची तक्रार तेव्हापासूनची.

इथे एका तपशिलाकडे लक्ष वेधतो. तबकडीवरचे सर्वांत प्रसिद्ध गाणे, ‘देअर शी गोज’, ईडन स्टुडिओतले नाहीच. ते अँड्र्यूजचे १९८८ चेच मुद्रण. लिलीव्हाइटने फक्त त्याचे मिश्रण नव्याने केले. म्हणजे इतकी सत्रे आणि इतका पैसा खर्चून जे साधले, त्यातले सर्वांत मोलाचे दोन वर्षांपूर्वीच हाती आलेले होते. ते हाती आले आहे, एवढे कोणाला उमगले नव्हते.

धुळीची दंतकथा

या चमूबद्दल कुठेही काही वाचा, एक किस्सा हमखास भेटतो. कोणीतरी मेव्हर्ससाठी साठच्या दशकातले जुने मिश्रण-यंत्र मिळवले. त्याने ते पाहिले आणि नाकारले. का? तर त्यावर साठच्या दशकातली अस्सल धूळ नव्हती!

किस्सा इतका गोड आहे की त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. संतचरित्रांवर काम केलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. माणसाचा स्वभाव एका वाक्यात बसवणारी आख्यायिका तयार झाली की पुढचे चरित्रकार तीच एकमेकांकडून उचलतात आणि तिच्याआड माणूस दिसेनासा होतो. धुळीच्या गोष्टीने मेव्हर्सला ‘वेडा’ ठरवून टाकले. वेडा ठरवले, की तो काय म्हणत होता हे ऐकण्याची जबाबदारी संपते.

ते ऐकण्याची सोय मात्र उशिरा का होईना झाली. २००६ मध्ये बीबीसीसाठी केलेली सत्रे प्रसिद्ध झाली आणि २००८ च्या विस्तारित आवृत्तीत हेजेसबरोबरचे मुद्रणही आले. मी ही सारी रूपे तबकडीशेजारी ठेवून गाण्यागणिक ऐकली. लिलीव्हाइटचे काम स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी आहे. बीबीसीच्या मुद्रणांत वाद्ये एकमेकांवर सांडतात, पण लय झुलते. चार माणसे एका खोलीत एकमेकांकडे पाहून वाजवत आहेत, हे जाणवते. मेव्हर्स जे मागत होता ते धुळीइतके हास्यास्पद नव्हते. त्याला खोलीतला तो झोका तबकडीवर हवा होता. पण हेही तितकेच खरे की अधिकृत तबकडी मुळीच वाईट नाही. एरवी ती गाणी माझ्यासारख्यापर्यंत पोहोचलीच नसती.

संपवायचे कोणी?

१९९१ च्या अखेरीस जॉन पॉवर बाहेर पडला. वर्षानुवर्षे तीच ती गाणी वाजवण्याचा त्याला कंटाळा आला होता. त्याने ‘कास्ट’ हा चमू काढला आणि १९९५ मध्ये त्यांची पहिली तबकडी पहिल्या दहांत गेली. निर्माता होता तोच जॉन लेकी. दरम्यान ओएसिसचा नोएल गॅलघर ‘द लाझ’चे ऋण उघडपणे सांगू लागला. १९८८ च्या त्या मुद्रणात ढोल वाजवणारा ख्रिस शारॉक २००८ मध्ये खुद्द ओएसिसमध्ये दाखल झाला. १९९९ मध्ये ‘सिक्स्पेन्स नन द रिचर’ या अमेरिकन चमूने ‘देअर शी गोज’ पुन्हा गाऊन जगभर पोहोचवले. बाकीची माणसे पुढे गेली. २००५ मध्ये मेव्हर्स आणि पॉवर ग्लास्टनबरीच्या महोत्सवात पुन्हा एकत्र उभे राहिले. गायली ती जुनीच गाणी.

आपल्या परंपरेत याचे दुसरे टोक आहे. अल्लादियाखाँसाहेबांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून ओळखायचे. बैठकीतले गाणे त्या रात्रीपुरते पुरे होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने मांडता येते. तबकडी ही मुभा देत नाही. ती एकाच मैफलीला कायमची मैफल करते. मेव्हर्स लोकप्रिय संगीतातला होता, पण या एका बाबतीत त्याचा पिंड बैठकीचा होता, असे मला वाटते. त्याच्या लेखी गाणे जिवंत होते. कंपनीच्या लेखी ते पुरे करायचे काम होते. दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि म्हणूनच तडजोड झाली नाही.

हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण शेवटी सांगतो. माझ्या कपाटात अकरा वर्षे एक हस्तलिखित पडून आहे. दरवर्षी नवा कागद सापडतो, दरवर्षी एक प्रकरण मोडून पुन्हा लिहितो आणि विचारणाऱ्याला ‘अजून थोडे राहिले आहे’ असे सांगतो. मेव्हर्सची कहाणी मी सुरुवातीला दुसऱ्याची गंमत म्हणून वाचायला घेतली होती. त्याच्याकडे निदान एक लिलीव्हाइट होता; त्याला न जुमानता गाणी जगापुढे नेणारा. आपल्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांना ते कामही स्वतःलाच करावे लागते. ही दिवाळी झाली की हस्तलिखित टंकलेखनाला देणार आहे. त्यात चुका राहतील. त्या दाखवायला वाचक आहेतच.